आगकाड्या नाचवणारे दादासाहेब फाळके

टीव्हीवर टॉम आणि जेरीचे कार्टून लागले की आम्ही पोरं जागची हलत नाही. ते कार्टून अमेरिकेत १९४० साली सुरू झाले. पण त्याच्याही २५ वर्षे आधी आपल्या महाराष्ट्रातल्या एका माणसाने पडद्यावर आगकाड्या नाचवल्या होत्या. त्यांचे नाव दादासाहेब फाळके. मी त्यांची माहिती सांगतो.

दादासाहेबांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांना चित्रकलेची फार आवड. मुंबईला अन् बडोद्याला ते कला शिकले. फोटो काढणे, छपाई, जादूचे प्रयोग असे पुष्कळ उद्योग त्यांनी केले.

एकदा त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला. आपल्या देवांचा पण असा सिनेमा काढायचा, असे त्यांनी मनात घेतले. पण जवळ पैसे नव्हते. सिनेमे पाहून पाहून डोळे बिघडले, काही दिवस दिसेना. तरी ते थांबले नाहीत. १९१२ साली ते बोटीने लंडनला गेले अन् कॅमेरा आणला.

मग त्यांनी एक गंमत केली. कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची थोडी थोडी चित्रे घेत राहिले. ती पडद्यावर भराभर दाखवली तर रोप झरझर वाढताना दिसले! ते पाहून पैसेवाल्याचा विश्वास बसला व कर्ज मिळाले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्याच करीत. आमच्या आईनेही पेरणीला गळ्यातले गहाण ठेवले होते, म्हणून मला ते चांगलेच कळले.

३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. तेव्हा बाया सिनेमात काम करीत नसत. म्हणून तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले.

१९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' काढला. काडी जराशी सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. एका सेकंदाला पंधरा-सोळा चित्रे लागतात. किती सबुरी लागली असेल! तेव्हा मिकी माऊसवाला डिस्ने शाळकरी पोरगा होता. तो आगकाड्यांचा सिनेमा आज बघायला मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

पुढे बोलपट आले अन् दादासाहेब मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. त्यांच्या नावाने सरकार १९६९ सालापासून मोठा पुरस्कार देते.

मी पण डब्यात हरभरा पेरला. रोज वहीच्या कोपऱ्यात त्याचे चित्र काढले. वीस दिवसांची वीस चित्रे झाली. वही खाली खिळ्याला टांगली आहे. पाने भराभर सोडा, हरभरा उगवताना दिसेल. पण वही फाडू नका.

— इयत्ता ४ थी, ता. धारूर, जि. बीड