डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर : तळटीपांची शिस्त

विद्यार्थी मित्रांनो, प्रकल्प लिहिताना संदर्भ आणि तळटीपा द्यायचा कंटाळा येतो ना? एवढी कटकट कशाला, असं वाटतं. मग आज डॉ. सुखटणकरांची ओळख करून घेऊया.

मानखुर्दच्या मुलांनो, हे आपल्या मुंबईचेच! जन्म ४ मे १८८७. केंब्रिजला गणित शिकले, बर्लिनला संस्कृतात पीएच.डी. केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं काम हाती घेतलं होतं. १९२५ मध्ये त्याची जबाबदारी सुखटणकरांवर आली.

काम सोपं नव्हतं. देशभरातल्या पोथ्या वेगवेगळ्या लिपींत होत्या आणि एकीचा पाठ दुसरीशी जुळत नव्हता. मग त्यांनी मांडणीचे नियम पक्के केले. प्रत्येक पोथीला लिपीवरून खूण दिली : बंगाली पोथी म्हणजे बी १, बी २, तेलुगू म्हणजे टी १. स्वीकारलेला पाठ वर, इतर पोथ्यांतले पाठभेद खाली तळटीपेत. नंतर भर पडलेल्या ओळींना तारांकित क्रमांक, मोठे भाग परिशिष्टात. जिथे पाठाची पक्की खात्री नाही, त्या शब्दाखाली नागमोडी रेघ.

गणपतीने महाभारत लिहून घेतलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती मूळ पाठात बसत नाही असं पोथ्यांवरून दिसलं, म्हणून ती परिशिष्टात गेली. पण फेकून दिली नाही हं! ज्याला निर्णय पटणार नाही, त्याला पुरावा तिथेच तपासता येतो.

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं, आरण्यकपर्व १९४२ मध्ये. २१ जानेवारी १९४३ रोजी सुखटणकर गेले. बरीच पर्वं अजून बाकी होती. पण काम थांबलं नाही, कारण पद्धत त्यांच्या डोक्यात नव्हे, कागदावर होती. सभापर्व तर एजर्टन या अमेरिकन पंडितांनी त्याच पद्धतीने संपादित केलं. पुढे बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी धुरा सांभाळली आणि १९६६ मध्ये, १,२५९ पोथ्यांच्या आधारे, आवृत्ती पूर्ण झाली.

आता तुमची वही काढा. प्रकल्पातली प्रत्येक माहिती कुठून घेतली, ते लेखक, पुस्तक, वर्ष, पान अशा एकाच क्रमाने लिहा. तुम्ही शाळेत नसलात, तरी तुमचं काम दुसऱ्याला तपासता आणि पुढे नेता आलं पाहिजे.