लुईचे गुरुजी

लग्नाच्या वरातीत तुम्ही बँड पाहिला असेल. त्यातला एक वादक पितळी वाद्य ओठांना लावतो, जोराने फुंकतो आणि तीन कळा दाबत निरनिराळे सूर काढतो. त्या वाद्याला ट्रंपेट म्हणतात. कॉर्नेट हा त्याचाच धाकटा भाऊ. ही वाद्ये वाजवून साऱ्या जगाला वेड लावणाऱ्या एका माणसाची ही गोष्ट आहे. त्याचे नाव लुई आर्मस्ट्राँग. मात्र ही गोष्ट एकट्या लुईची नाही. त्याच्या हाती वाद्य देणाऱ्या माणसांचीही आहे.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या शहरात झाला. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली संपली होती. तरीही तेथे काळ्या लोकांना गोऱ्यांच्या बरोबरीने वागवत नसत. त्यांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. गाडीत बसण्याच्या जागासुद्धा वेगळ्या होत्या. लुई तान्हा असतानाच त्याचे वडील घर सोडून गेले. काही वर्षे आजीने त्याला सांभाळले. नंतर तो आईकडे आला. आई लोकांच्या घरी कामे करून कसेबसे घर चालवत असे. त्यांच्या वस्तीत रोज मारामाऱ्या होत, चाकूसुरे चालत. म्हणून लोक त्या भागाला रणांगण म्हणत.

घरात पैसे नव्हते. म्हणून लुई लहानपणीच कामाला लागला. त्या शहरात लिथुआनियाहून आलेले कार्नोफस्की नावाचे एक ज्यू कुटुंब राहत होते. तेही गरीबच होते. गाडीवरून कोळसा विकणे आणि भंगार गोळा करणे हा त्यांचा धंदा होता. गिऱ्हाइकांना कळावे म्हणून लुई त्या गाडीवर पत्र्याची पिपाणी वाजवत असे. वाजवता वाजवता तो त्या पिपाणीतून गाण्याचे सूर काढू लागला. एकदा एका दुकानात त्याला जुने कॉर्नेट दिसले. ते घेण्यासाठी कार्नोफस्कींनी त्याला मजुरीतले थोडे पैसे आगाऊ दिले. ही आठवण लुईने म्हातारपणी स्वतः लिहून ठेवली आहे.

३१ डिसेंबर १९१२ ची रात्र होती. नव्या वर्षाचे स्वागत करायला लोक रस्त्यावर आले होते. लुईने घरातले पिस्तूल गुपचूप बरोबर आणले होते. दुसऱ्या एका मुलाने बार काढला, तेव्हा लुईनेही हवेत गोळ्या झाडल्या. कोणालाही इजा झाली नाही. पण एका पोलिसाने त्याला तेथेच पकडले. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने त्याला काळ्या मुलांच्या सुधारगृहात पाठवले. लुई तेव्हा अवघा अकरा वर्षांचा होता. आई आणि लहान बहीण घरीच राहिली. सुरुवातीला त्याला जेवणसुद्धा गोड लागेना.

त्या सुधारगृहात मुलांचा एक बँड होता. पीटर डेव्हिस हे त्याचे शिक्षक होते. लुईला बँडमध्ये जायची फार इच्छा होती. पण तो रणांगण वस्तीतला मुलगा आहे, हे डेव्हिस यांना ठाऊक होते. असल्या वस्तीतला मुलगा वाईटच असणार, असे त्यांना वाटले. त्यांनी त्याला जवळ केले नाही. सुरुवातीला फटकेही दिले. लुई उलट बोलला नाही. तो दूर बसून सराव ऐकत राहिला.

हळूहळू डेव्हिस यांचे मत बदलले. मुलगा नीट वागतो आणि मन लावून ऐकतो, हे त्यांच्या लक्षात आले. एके दिवशी त्यांनी लुईला बोलावले आणि त्याच्या हाती खंजिरी दिली. खंजिरीचा ताल जमला, तेव्हा ढोल दिला. पुढे बिगूल वाजवणारा मुलगा सुटून घरी गेला, तेव्हा ते काम लुईकडे आले. मुलांचे उठणे, जेवणे, शाळेत जाणे हे सारे बिगुलाच्या इशाऱ्यावर चालत असे. लुईने ते मळलेले बिगूल घासून लख्ख केले. शेवटी गुरुजींनी त्याच्या हाती कॉर्नेट दिले, ते कसे फुंकायचे हे धीराने शिकवले आणि त्याला बँडचा प्रमुख नेमले.

एके दिवशी हा बँड वाजत गाजत लुईच्याच वस्तीतून निघाला. सर्वांच्या पुढे लुई होता. वस्तीतल्या लोकांना आधी खरेच वाटेना. मग त्यांनी आनंदाने इतके पैसे दिले, की त्यांतून बँडसाठी नवे गणवेश आणि नवी वाद्ये आली.

१९१४ साली लुई सुधारगृहातून सुटला. दिवसा तो कोळशाची गाडी हाकत असे आणि रात्री जिथे संधी मिळेल तिथे वाजवत असे. तेव्हा त्याला दुसरे उस्ताद भेटले. त्यांचे नाव जो ऑलिव्हर. लुई त्यांच्या घरची बारीकसारीक कामे करी आणि ते त्याला शिकवीत. त्यांनी आपले एक जुने कॉर्नेटही त्याला दिले. १९२२ साली ऑलिव्हर यांनी त्याला शिकागोला आपल्या बँडमध्ये बोलावून घेतले. पुढे लुई आर्मस्ट्राँग जॅझ संगीताचे मोठे कलावंत झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका देशोदेशी पोहोचल्या.

एवढे नाव झाले, तरी ते आपल्या गुरूंना विसरले नाहीत. १९३१ साली ते न्यू ऑर्लिन्सला आले, तेव्हा मुद्दाम त्या सुधारगृहात गेले आणि डेव्हिस गुरुजींना भेटले. १९३७ साली सव्हाना शहरात त्यांना ऑलिव्हर दिसले. या उस्तादांवर म्हातारपणी भाजी विकायची वेळ आली होती. आर्मस्ट्राँग यांनी खिशात होते नव्हते ते पैसे त्यांना दिले. १९५७ साली लिटल रॉक या गावात काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत येऊ देईनात. तेव्हा या अन्यायाचा निषेध म्हणून त्यांनी सरकारच्या वतीने ठरलेला सोव्हिएत संघाचा दौरा नाकारला.

आयुष्याची शेवटची अनेक वर्षे ते न्यूयॉर्कमधील एका साध्या वस्तीत राहिले. संध्याकाळी शेजारची मुले त्यांच्या घराच्या पायऱ्यांवर जमत. पायऱ्यांवर बसून ते मुलांबरोबर ट्रंपेट वाजवीत. ६ जुलै १९७१ रोजी त्याच घरी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, पिस्तूल धरणारा लुईचा हात आणि कॉर्नेट धरणारा हात एकच होता. डेव्हिस गुरुजी आपल्या पहिल्या मतावर अडून बसले असते, तर काय झाले असते? शिकणाऱ्याने धीर सोडला नाही आणि शिकवणाऱ्याने आपली चूक सुधारली. म्हणूनच जगाला हा कलावंत मिळाला. एखाद्या मुलाची वस्ती पाहून त्याच्याविषयी मत बनवण्याआधी लुईची आठवण ठेवा.