डॉ. रखमाबाईंचे स्मरण

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या ह्या अंकात एका थोर डॉक्टरीणबाईंचे स्मरण करू या. ज्या गोष्टीसाठी त्या झगडल्या, तिचा आपल्या प्रकृतीशी आजही संबंध आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या माहेरीच राहून शिकत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी त्यांना नांदावयास आणण्यासाठी फिर्याद केली. १८८७ साली कोर्टाने नांदावयास जाण्याचा, नाहीतर सहा महिने तुरुंगवासाचा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास ह्या खटल्याने बळ मिळाले. दहा वर्षांची मर्यादा बारा झाली. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या. सूरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या निवर्तल्या.

कोवळ्या वयातील संसाराची एक हानी त्या काळी कोणासच ठाऊक नव्हती. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुधा एच.पी.व्ही. ह्या विषाणूमुळे होतो व तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. लहान वयातील संबंध, पुष्कळ बाळंतपणे व तंबाखू यांनी धोका वाढतो. बहुतेकींचा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांना पुढे रोगाचे भय. पतीकडूनही तो येतो. म्हणून कोणा बाईच्या शीलास बोल लावू नये.

धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची ही तपासणी झाली, तेव्हा शंभरांत सुमारे दहाजणींत विषाणू आढळला. एकदाच तपासलेल्या गटात ह्या रोगाचे मृत्यू न तपासलेल्यांच्या सुमारे निम्मे झाले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही २०२३ पासून मिळते. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती विशेष गुणकारी.

रखमाबाईंनी लाजेपेक्षा सत्य मोठे मानले. आपणही तिशीनंतर संकोच सोडून तपासणी करून घ्यावी, लेकीच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे आणि शेजारणीलाही बरोबर न्यावे. हेच त्यांचे खरे स्मरण होय.