खाणीतून आलेला गोलंदाज

इंग्लंडच्या मध्यभागी नॉटिंगहॅमशायर नावाचा परगणा आहे. तेथील कित्येक गावे त्या काळी जमिनीवरच्या पिकावर जगत नसत, तर जमिनीच्या पोटातील कोळशावर जगत. अशाच ननकारगेट नावाच्या लहानशा गावात १४ नोव्हेंबर १९०४ रोजी हॅरॉल्ड लारवुडचा जन्म झाला. त्याचे वडील रॉबर्ट खाणीत काम करीत. पाच मुलग्यांपैकी हॅरॉल्ड चौथा. तेराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. काही दिवस त्याने गावच्या सहकारी भांडारात काम केले आणि चौदाव्या वर्षी तो वडिलांप्रमाणे खाणीत उतरला. कोळशाने भरलेल्या गाड्या ओढण्यासाठी खाणीत लहान चणीची तट्टे असत. ती हाकण्याचे काम त्याच्याकडे आले. दिवसाचा सूर्य न पाहता तास न् तास अंधारात राबावयाचे आणि वर आल्यावर जो उजेड उरला असेल तेवढ्यात मैदान गाठावयाचे, असा त्याचा दिनक्रम होता.

ननकारगेटमध्ये क्रिकेटचे वेड होते. पूर्वी इंग्लंडकडून खेळलेला जो हार्डस्टाफ तेथेच राहत असे. या बुटक्या पोराच्या चेंडूला असलेला विलक्षण वेग त्याच्या नजरेत भरला आणि त्याच्याच शिफारशीवरून १९२३ साली लारवुडला नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर परीक्षेसाठी बोलावणे आले. वडील बरोबर गेले. आठवड्याला बत्तीस शिलिंग वेतनावर परगण्याच्या संघाने त्याला ठेवून घेतले. पुढे तीनच वर्षांत, १९२६ साली, लॉर्ड्सच्या मैदानावर तो ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपला पहिला कसोटी सामना खेळला. त्याची धाव इतकी हलकी असे, की मागून येणाऱ्या त्याच्या पावलांचा आवाज पंचालाही ऐकू येत नसे, असे सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, नाहीतर पुढील हकिगतीचा उलगडा होणार नाही. त्या काळी इंग्लंडात क्रिकेट खेळणाऱ्यांच्या दोन जाती होत्या. वेतन न घेता खेळणारे ते हौशी खेळाडू. ते बहुधा सधन घरांतील आणि मोठ्या विद्यापीठांत शिकलेले असत. पोटासाठी खेळणारे ते व्यावसायिक. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या आणि पुष्कळ ठिकाणी मैदानात शिरण्याची दारेही निराळी. गुणफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, तर व्यावसायिकाची नंतर छापीत. इंग्लंडचा कर्णधार हौशीच असावयाचा, हा तर दंडकच होता. लारवुड व्यावसायिक होता. खाणीत मुकादमाने दाखविलेल्या ठिकाणी काम करावे, तसे मैदानावर कर्णधाराने सांगितलेल्या रीतीने चेंडू टाकावा, एवढे तो जाणत होता.

१९३० साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात आला. त्यातील डॉन ब्रॅडमन या एकवीस वर्षांच्या तरुणाने पाच कसोटी सामन्यांत ९७४ धावा काढल्या. इंग्लंडचे सारे गोलंदाज त्याच्यापुढे हतबल झाले. लारवुडलाही त्या मालिकेत अवघे चारच गडी मिळाले. १९३२-३३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाला जावयाचा होता आणि त्याचे नेतृत्व डग्लस जार्डिनकडे आले. हा जार्डिन आपल्या मुंबईत १९०० साली जन्मलेला. त्याचे वडील तेथे वकिली करीत. करारी, बुद्धिमान आणि कोणाच्या रागालोभाची पर्वा न करणारा असा हा मनुष्य होता. ब्रॅडमनला आवरावयाचे कसे, या एकाच प्रश्नाने त्याला पछाडले होते. लंडनच्या एका हॉटेलात लारवुड आणि त्याचा सोबती बिल व्होस यांना बोलावून त्याने आपली योजना त्यांच्यापुढे मांडली.

योजना अशी होती. अतिशय वेगवान चेंडू आखूड टप्प्यावर फलंदाजाच्या शरीराच्या रोखाने टाकावयाचा, म्हणजे तो उसळून बरगड्यांकडे, खांद्याकडे किंवा डोक्याकडे येईल. लेगच्या बाजूस, अगदी जवळ, पाचसहा क्षेत्ररक्षकांचे कडे उभे करावयाचे. अंग वाचविण्यासाठी फलंदाजाने बॅट मध्ये घातली, तर चेंडू उडून त्या कड्यात झेल जावयाचा आणि न घातली, तर मार खावयाचा. डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती. ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रांनी या माऱ्याला बॉडीलाइन असे नाव दिले. महत्त्वाचा मुद्दा हा, की क्रिकेटच्या तत्कालीन नियमांत या गोलंदाजीला मनाई करणारे एकही कलम नव्हते.

सिडनीच्या पहिल्या कसोटीत लारवुडने दोन्ही डावांत पाच पाच गडी बाद केले आणि इंग्लंड जिंकले. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने परतफेड केली. तिसरा सामना ॲडलेडला होता. १४ जानेवारी १९३३, शनिवार. पन्नास हजारांवर प्रेक्षक जमले होते. लारवुडचा एक चेंडू ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुल याच्या छातीवर, हृदयाच्या जागी, आदळला. वुडफुल वाकून छाती धरून उभा राहिला. खरे पाहता त्या वेळी क्षेत्ररक्षणाची मांडणी नेहमीचीच होती. परंतु जार्डिनने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात लारवुडला शाबासकी दिली आणि त्याच्या पुढच्या षटकास प्रारंभ होण्यापूर्वी क्षेत्ररक्षकांना लेगच्या बाजूस कडे करण्याची खूण केली. प्रेक्षक खवळून उठले. जमाव कुंपण ओलांडून आत येतो की काय, अशी भीती वाटू लागली. सायंकाळी इंग्लंडच्या संघाचे व्यवस्थापक वॉर्नर वुडफुलच्या समाचाराला गेले, तेव्हा मैदानावर दोन संघ आहेत, पण क्रिकेट त्यांतील एकच खेळत आहे, असे वुडफुलने त्यांना शांतपणे सुनावले.

सोमवारी त्याहून भयंकर प्रकार घडला. यष्टिरक्षक बर्ट ओल्डफील्ड लारवुडचा चेंडू टोलावण्यास गेला, त्याचा अंदाज चुकला आणि चेंडू लागून त्याच्या कवटीला तडा गेला. ओल्डफील्ड इतका सरळ मनाचा, की चूक आपलीच होती, असे त्याने सांगितले. परंतु हे ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हते. दोन दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने लंडनला तार धाडून ही गोलंदाजी खिलाडूपणाला सोडून असल्याचे कळविले. लंडनच्या एम. सी. सी. या संस्थेला हा शब्द झोंबला. तुमची इच्छा असल्यास दौरा रद्द करण्यास आम्ही तयार आहोत, असे तिने उलट बजावले. प्रकरण दोन्ही सरकारांच्या कानांपर्यंत गेले आणि शेवटी ऑस्ट्रेलियाने तो शब्द मागे घेतला.

हे न्याय्य होते काय? पटांगणावरील तंटे माझ्या खोलीत घेऊन येणारी मुले नियमावर बोट ठेवीत, त्या वेळी मला ॲडलेडची आठवण होई. इंग्लंडच्या संघातही एकमत नव्हते. पहिल्याच कसोटीत शतक काढणारे पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांनी त्या कड्यात उभे राहण्यास नकार दिला; दुसऱ्या सामन्यानंतर त्यांना संघात स्थान मिळाले नाही. गबी ॲलन या वेगवान गोलंदाजाने अशी गोलंदाजी करणार नाही, असे जार्डिनला तोंडावर सांगितले आणि तरीही तो पाचही सामने खेळला. तो हौशी होता, त्याच्या चरितार्थाचा प्रश्न नव्हता. लारवुडला असा नकार देणे कितपत शक्य होते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. मात्र त्याने ते काम नाइलाजाने केले, असेही म्हणता येणार नाही. ही गोलंदाजी योग्यच होती, असे तो जन्मभर मानीत आला आणि या बाबतीत त्याचे म्हणणे मला पटत नाही. जखमी माणूस समोर उभा असताना कलमाचा आधार थिटा पडतो.

मालिका इंग्लंडने ४-१ अशी जिंकली. लारवुडने ३३ गडी बाद केले. सिडनीच्या अखेरच्या कसोटीत त्याने फलंदाजीतही ९८ धावा काढल्या, तेव्हा ज्या प्रेक्षकांनी त्याला शिव्या दिल्या होत्या, त्यांनीच टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच सामन्यात गोलंदाजी करताना त्याच्या डाव्या पावलाचे हाड मोडले. धावता येईना, तेव्हा जागच्या जागी उभे राहून त्याने षटक पुरे केले. तरीही ब्रॅडमन बाद होईपर्यंत जार्डिनने त्याला मैदान सोडू दिले नाही. ब्रॅडमन बाद झाला आणि दोघे बरोबरच मैदानाबाहेर चालत गेले. एकमेकांशी एक अक्षरही न बोलता.

मायदेशी परतल्यावर वारे फिरले. १९३३ च्या उन्हाळ्यात वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनी मँचेस्टरला तसाच मारा इंग्लंडवर केला. हॅमंडची हनुवटी फाटली. जे सहा हजार कोसांवरून कळत नव्हते, ते डोळ्यांसमोर घडताच अनेकांना कळले. १९३४ साली ऑस्ट्रेलियाचा संघ पुन्हा येणार होता आणि दोन्ही देशांना सलोखा हवा होता. तेव्हा नॉटिंगहॅमशायरचे आश्रयदाते सर जूलियन कान यांनी लारवुडला बोलावून, झाल्या प्रकाराबद्दल एम. सी. सी. कडे क्षमापत्र लिहून द्यावे, म्हणजे इंग्लंडकडून खेळता येईल, असे सुचविले. लारवुडने साफ नाही म्हटले. आपण कर्णधाराची आज्ञा पाळली. त्यात क्षमा मागण्याजोगे काय आहे, हे त्याला समजेना. त्याचे वय तेव्हा एकोणतीस होते. तो पुन्हा कधीही कसोटी सामना खेळला नाही.

यथावकाश नियमही बदलले. फलंदाजाच्या अंगावर हेतुपूर्वक केलेला मारा अवैध ठरला. पुढे १९५७ पासून लेगच्या बाजूस फलंदाजाच्या मागे दोनच क्षेत्ररक्षक ठेवण्याची मर्यादा आली. दुखऱ्या पायामुळे लारवुडचा पूर्वीचा वेग उरला नव्हता, तरी तो १९३८ पर्यंत परगण्याकडून खेळत राहिला. महायुद्ध संपल्यावर त्याने ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी मिठाईचे लहानसे दुकान घेतले.

१९४८ साली त्या दुकानात जॅक फिंगल्टन आला. हा ऑस्ट्रेलियाचा सलामीचा फलंदाज. ॲडलेडच्या त्या सामन्यात तो दोन्ही डावांत शून्यावर बाद झाला होता. आता तो वृत्तपत्रांत लिहीत असे. दोघांच्या गप्पा झाल्या आणि लारवुडने ऑस्ट्रेलियात येऊन राहावे, असा विचार पुढे आला. १९५० साली पत्नी आणि पाच मुली यांच्यासह लारवुड ओरोंटेस जहाजाने सिडनीकडे निघाला. १९३२ साली तो गेला होता, तेही याच जहाजाने. सिडनीत हे कुटुंब आरंभी एका हॉटेलात उतरले. तेथील अर्धा खर्च कोणीतरी परस्पर भरीत होते. ते ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान बेन चिफ्ली होते, हे लारवुडला मागाहून कळले. त्याला शीतपेयांच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. ज्यांच्या अंगावर त्याच्या चेंडूंचे वळ उठले होते, त्यांपैकी कित्येक जण त्याचे स्नेही झाले. ओल्डफील्ड हा त्यांतलाच एक.

१९९३ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ब्रिटिश सरकारने त्याला एक किताब दिला. २२ जुलै १९९५ रोजी सिडनीतच तो वारला.

त्याच्या घरी येणाऱ्यांना चांदीचे एक रक्षापात्र पाहावयास मिळे. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया ज्या अॅशेससाठी लढतात, त्या शब्दाचा अर्थच रक्षा. त्यावरूनच ही भेट सुचलेली दिसते. १९३२-३३ च्या विजयाबद्दल कृतज्ञ कर्णधाराकडून हॅरॉल्डला, अशा आशयाची अक्षरे जार्डिनने तीवर कोरवून घेतली होती. दुखावलेला पाय, मोडलेली कारकीर्द, सोडलेला देश, एवढे सारे होऊनही लारवुडने ते पात्र जपून ठेवले होते.