रेव्हरंड टिळक : घर आणि 'देवाचा दरबार'

मराठी वाङ्मयेतिहासात नारायण वामन टिळकांचे चरित्र साधारणतः १० फेब्रुवारी १८९५ या तारखेपाशी दुभंगलेले आढळते. त्या दिवशी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वीचे ते फुलामुलांचे कवी आणि नंतरचे ते ख्रिस्ती भक्तकवी, अशी वाटणी आपल्या अध्यापनातही रूढ झाली आहे. ही वाटणी सोयीची खरी. परंतु तीमुळे धर्मांतर ही एका दिवसाची घटना ठरते आणि पुढील चोवीस वर्षे त्या घटनेचे केवळ परिशिष्ट होऊन बसतात. वस्तुतः टिळकांची श्रद्धा कसाला लागली ती या चोवीस वर्षांत, आणि तीही व्यासपीठापेक्षा घरात अधिक.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील कडक आणि कोपिष्ट होते. आई जानकीबाई काव्यप्रेमी. टिळक अजाण वयात असतानाच ती गेली. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन झाले, आणि मनकर्णिका गोखले यांच्याशी विवाह. सासरी लक्ष्मी झालेली हीच 'स्मृतिचित्रे'ची लेखिका. नंतरची वर्षे भटकंतीची. नोकरी धरावी आणि सोडावी, घर मांडावे आणि मोडावे, हा क्रमच होता. मात्र या अस्थैर्याला एक अंतःसूत्र होते. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला नवा धर्म हवा, हा ध्यास त्यांना बाप्तिस्म्याच्या पुष्कळ आधीपासून होता. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या चित्ताची पकड घेतली. या प्रसंगाला चरित्रकारांनी चमत्काराची झळाळी दिली आहे. पण शेत आधीच नांगरलेले होते, हे विसरता कामा नये.

बाप्तिस्म्याची किंमत प्रथम चुकवली ती लक्ष्मीबाईंनी. पतीच्या या निर्णयाला त्यांची संमती नव्हती. त्या समयी त्या त्यांच्याजवळही नव्हत्या. पदरी लहानगा दत्तू. सधवा असूनही निराधार, अशा विलक्षण अवस्थेत त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काही वर्षे काढली. त्यांतला काही काळ पंढरपुरास गेला. ज्या धर्माचे सार प्रेम आहे असे टिळक मानीत, त्या धर्माच्या स्वीकाराने सर्वांत निकटच्या व्यक्तीवर असा आघात व्हावा, ही विसंगती गौरवपर चरित्रांत फार हळुवारपणे हाताळलेली दिसते. प्रस्तुत लेखिकेला ती टाळता येत नाही. टिळकांनी सत्यासाठी त्याग केला हे खरे. परंतु त्या त्यागातला मोठा वाटा दुसऱ्याच्या खात्यावर पडला होता.

पुनर्मीलनानंतरचा काळ म्हणूनच महत्त्वाचा. लक्ष्मीबाई परतल्या त्या आपले सोवळे घेऊन. ख्रिस्ती पतीच्या सहवासात राहून त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले, आणि टिळकांनी ते ठेवू दिले. उतावळा आणि शीघ्रकोपी म्हणून ज्यांची ख्याती, त्या गृहस्थाने येथे सक्ती केली नाही, वादविवादात पत्नीला जिंकले नाही, वाट पाहिली. सोवळे सुटले ते लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. जात ही माणसाने निर्माण केली, देवाने नव्हे, हा निष्कर्ष त्यांनी आपल्याच बुद्धीने काढला आणि तत्काळ आचरणात आणला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेने माणूस बदलतो याचा पुरावा शोधावयाचा तर टिळकांच्या एखाद्या प्रवचनापेक्षा या प्रतीक्षेत तो अधिक भक्कम सापडतो.

अहमदनगर आणि राहुरी येथील त्यांचे घर हे घर कमी आणि धर्मशाळा अधिक होते. दुष्काळातील निराश्रित मुले तेथे वाढली. बाजारहाटासाठी नेलेले पैसे वाटेत भेटलेल्या गरजवंताला देऊन टिळक रिकाम्या हाताने परतत. मग संध्याकाळची चूल कशी पेटवावी, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण या प्रसंगांना हसतो, कारण लेखिकेला आपण हसावे असेच वाटते. पण त्या विनोदाखाली हिशेब चोख मांडलेला आहे. याच घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे ऊर्फ बालकवी पुत्रवत् राहिले आणि हिंदूच राहिले. कवी म्हणून त्यांना घडविण्यात टिळकांचा वाटा सर्वमान्य आहे. धर्माच्या बाबतीत त्यांना मोकळे ठेवले, याची नोंद मात्र अपवादानेच होते.

उपासनेच्या क्षेत्रातील कार्य याच वृत्तीचा विस्तार होय. मराठी ख्रिस्ती मंडळ्या त्या काळी पाश्चात्य चालींवरील भाषांतरित गीते गात असत. टिळकांनी अभंग, पद, भजन आणि कीर्तन ही देशी रूपे उपासनेत आणली. शंभराहून अधिक गीते रचली. ख्रिस्ताला त्यांनी माउली केले, गुरू केले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. या रचनेला प्रचारकाव्य म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेने 'अभंगांजली'तील आर्तता कान देऊन ऐकलेली नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. प्रचारकाला उत्तर ठाऊक असते. येथील भक्त मात्र अजून विचारतो आहे, रुसतो आहे, स्वतःला अपुरा मानतो आहे.

हे अपुरेपण अखेर १९१७ मध्ये कृतीत उतरले. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत टिळकांनी वीस वर्षांहून अधिक काळ घालविला होता. डॉ. ह्यूम यांच्यासारख्यांचा स्नेह होता, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादकत्व होते, प्रतिष्ठा होती. परंतु वेतनभोगी उपदेशक आणि परकीय व्यवस्था यांच्या चौकटीत ख्रिस्त या देशाचा होणार नाही, ही त्यांची खात्री दृढ होत गेली. छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी मिशनचे वेतन सोडले, साताऱ्यास वास्तव्य केले आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त यांनी बंधुभावाने एकत्र यावे, ही त्यामागील कल्पना. ज्या विधीसाठी त्यांनी १८९५ मध्ये घरदार पणाला लावले, तोच विधी आता प्रवेशाची अट राहिला नाही! मला हे टिळकांचे दुसरे, आणि पहिल्याहून अवघड, परिवर्तन वाटते. पहिल्या वेळी त्यांनी जन्मजात समाज सोडला होता. या वेळी स्वतः निवडलेल्या समाजातील सुरक्षितता सोडली. आणि या खेपेस लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत होत्या.

'दरबार' बहरण्यास अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. मागे कुठलीही भक्कम संस्था उरली नाही. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्रही आरंभीच्या काही अध्यायांपाशीच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. लिहिण्यावाचण्याचे शिक्षण ज्यांना पतीकडूनच आणि तेही तुटक मिळाले, त्यांनी उतारवयात, १९३६ मधील आपल्या मृत्यूपूर्वी, उरलेले बहुसंख्य अध्याय रचले.