पां. वा. काणे: रत्नागिरीचे मास्तर हायकोर्टात
सरकारी नोकरी म्हणजे महिन्याचा पगार आणि म्हातारपणी पेन्शन. पांडुरंग वामन काणे यांनी ती एकतिशीच्या सुमारास सोडली.

१८८० मध्ये चिपळूणजवळ पेढे-परशुरामला जन्मलेले काणे एम.ए. होऊन १९०४ मध्ये रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे मुंबईला, एल्फिन्स्टन हायस्कुलात, संस्कृत शिकवू लागले. पण बढतीच्या वेळी त्यांना डावलून कनिष्ठाला नेमलं गेलं. काण्यांनी राजीनामा दिला. कायद्याची पदवी गाठीशी होती, म्हणून १९११ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. इथे अशील आला तरच पैसा. त्यात पोटाचं जुनं दुखणं.

संस्कृत मात्र सुटलं नाही, उलट कामाला आलं. त्या काळचा हिंदू कायदा स्मृती आणि त्यांवरच्या टीकांवर उभा होता, आणि ते ग्रंथ मुळातून वाचणारे वकील थोडेच. ‘व्यवहारमयूख’ या कायद्याच्या ग्रंथाला प्रस्तावना म्हणून काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहायला घेतला. तो प्रस्तावनेत मावणं शक्यच नव्हतं! इंग्रजीतल्या त्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला, शेवटचा १९६२ मध्ये. पानं सहा हजारांवर. पुढच्याच वर्षी, ८३व्या वर्षी, काण्यांना भारतरत्न मिळालं.