हौशीपणाचा मुखवटा उतरवणारी सुझान

९ ऑक्टोबर १९२६ ची रात्र. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन सुमारे १३ हजार प्रेक्षकांनी भरून गेले होते. कोर्टवर उतरली होती फ्रान्सची सुझान लेंग्लेन. सामना होता, पण चषक नव्हता. होते ते मानधन आणि तेही उघड! टेनिसच्या प्रतिष्ठित वर्तुळाला नेमके तेच खुपले.

२४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या सुझानला घडवले ते तिचे वडील चार्ल्स यांनी. कोर्टवर ठिकठिकाणी रुमाल ठेवून त्यावर चेंडू टाकण्याचा सराव ते मुलीकडून करून घेत, असे सांगितले जाते. अवघ्या पंधराव्या वर्षी, १९१४ मध्ये, तिने जागतिक हार्डकोर्ट अजिंक्यपद पटकावले आणि लगेच पहिले महायुद्ध पेटले. ऐन उमेदीची वर्षे अशी वाया गेली.

युद्धानंतर १९१९ मध्ये ती प्रथमच विम्बल्डनला आली. अंतिम फेरीत समोर होती सात वेळची विजेती, चाळिशीची डोरोथिया लॅम्बर्ट चेम्बर्स. सम्राट पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या साक्षीने रंगलेली ही लढत सुझानने दोन मॅचपॉइंट वाचवून १०-८, ४-६, ९-७ अशी जिंकली. खेळाइतकीच चर्चा झाली ती तिच्या पोशाखाची. आखूड बाह्या, पोटरीपर्यंतचा झगा आणि कॉर्सेटला रजा! दोन सेटच्या मधल्या वेळेत ती वडिलांनी दिलेल्या ब्रँडीचे घोट घेई, हेही इंग्रजांना पचणे अवघड होते.

त्यानंतर तिने विम्बल्डनची आणखी पाच एकेरी विजेतेपदे मिळवली. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये एकेरी व मिश्र दुहेरीत सुवर्णपदक जिंकले. १९१९ ते १९२६ या काळात एकेरीत तिच्या नावावर पराभव एकच. १९२१ मध्ये अमेरिकेत मोला मॅलरीविरुद्ध पहिला सेट गमावल्यावर तिने खोकल्याने बेजार होऊन सामना सोडला. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत तिने मॅलरीला २६ मिनिटांत ६-२, ६-० असे हरवून त्याची परतफेड केली.

पण या वैभवाला व्यवहाराची एक बोचरी बाजू होती. हौशी खेळाडूने पैसा घ्यायचा नाही, हा नियम. १६ फेब्रुवारी १९२६ रोजी कॅन येथे अमेरिकेच्या हेलन विल्सशी तिचा सामना झाला, तेव्हा तिकिटांचे भाव गगनाला भिडले होते. ज्यांना आत जागा मिळाली नाही, ते झाडांवर आणि घरांच्या छपरांवर चढून बसले. सुझानने ६-३, ८-६ असा विजय मिळवला. तिकिटांच्या उत्पन्नावर तिचा अधिकृत हक्क मात्र शून्य. आडमार्गाने खेळाडूंची सोय लावली जाई, हे उघड गुपित होते. लेंग्लेन कुटुंबही त्याला अपवाद नव्हते.

त्याच वर्षी विम्बल्डनला सामन्याच्या वेळेवरून गोंधळ झाला आणि राणी मेरी ताटकळत राहिली. वृत्तपत्रांनी त्याला राणीच्या अवमानाचे रूप दिले. सुझानने स्पर्धेतून माघार घेतली व पुन्हा तेथे ती कधीच खेळली नाही. काही आठवड्यांतच तिने अमेरिकी संयोजक सी. सी. पाइल याच्याशी ५० हजार डॉलरचा करार केला. दौऱ्यातील तिची प्रतिस्पर्धी, तीन वेळची अमेरिकी विजेती मेरी ब्राऊन, सर्व ३८ सामने हरली. खेळ म्हणून हा दौरा एकतर्फीच ठरला, हे मान्य करावे लागेल. मात्र सुझानचा मुद्दा वेगळा होता. संस्था प्रेक्षकांकडून पैसे घेणार आणि खेळाडूने फुकट खेळायचे, तर टेनिस श्रीमंतांपुरतेच उरणार, अशी तिची भूमिका होती. आपण बेइमानी केलेली नाही, हे ती ठामपणे मांडत राहिली. विम्बल्डनच्या क्लबने तिचे मानद सदस्यत्व काढून घेतले. मोठ्या स्पर्धांची दारे कायमची बंद झाली.

१९२७ मध्ये ब्रिटनचा छोटा व्यावसायिक दौरा झाला, तोच शेवटचा. पुढे तिने पॅरिसमध्ये टेनिस प्रशिक्षण शाळा चालवली. ४ जुलै १९३८ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी रक्तक्षयाने तिचे निधन झाले.

विम्बल्डनने व्यावसायिकांना प्रवेश दिला तो १९६८ मध्ये. त्या वर्षी महिला विजेत्या बिली जीन किंगला ७५० पौंड मिळाले, तर पुरुष विजेत्या रॉड लेव्हरला दोन हजार.